शाळा चांगली, तर मग पट का घटतो?

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर, लोक कुठेही गाठतात आणि विचारतात, "मॅडम, तुमची शाळा चांगली आहे म्हणता, मग मुलं का कमी होतायत?" विचारणारा कधी पालक असतो, कधी नव्याने निवडून आलेला नगरसेवक, तर कधी आमच्याच शाळेतून शिकून गेलेला आणि आता स्वतःच्या मुलाला इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून देणारा एखादा बाप. प्रश्नातच उत्तर भरलेलं असतं. मुलं कमी झाली म्हणजे शिकवणं बिघडलं असणार, आणि शिक्षक मोबाइल बघत बसत असणार.

मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. गाव तालुक्याचं. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पण शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिली. या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. पट आणि गुणवत्ता यांचा संबंध आहेच, पण लोक समजतात त्याच्या उलट दिशेने. शिकवणं बिघडलं म्हणून पट घसरलेली शाळा मी क्वचित पाहिली आहे. पट घसरला, त्यापायी शिक्षक गेले आणि मग शिकवणं बिघडलं, अशा शाळा मात्र आमच्या तालुक्यात जागोजागी दाखवता येतील.

आधी कुठली शाळा कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बघा. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी मांडणी होती. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याने पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असं ठरवलं. कागदावरची मांडणी बदलली, पण इमारती, संस्था आणि शिक्षकांची पदं जुन्याच मांडणीवर उभी होती. त्यामुळे आमच्यासारख्या गावात आज काय दिसतं? जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथी किंवा पाचवीला संपतात, एखादी सातवीपर्यंत जाते. आणि चालत जाण्याच्या अंतरावर कुठल्या तरी शिक्षण संस्थेचं अनुदानित हायस्कूल असतं, पाचवी ते दहावी, बहुतेकदा वर कनिष्ठ महाविद्यालयही.

आता पालकाच्या जागी बसून विचार करा. मूल चौथीत आहे. आमच्याकडे ठेवलं तर सातवीपर्यंत राहील, मग आठवीला हलवावंच लागेल. हायस्कूलला आत्ताच टाकलं तर दहावीपर्यंत बघायला नको. त्यात कुणीतरी कानात सांगतं की आठवीला तिकडे जागा मिळेलच असं नाही, आत्ता घेतायत तोवर घाला. शेजारच्यांचा मुलगा गेलाय, चुलत बहीण तिथेच नववीत आहे, दोघं एकत्र जातील. या सगळ्या हिशेबात आमच्या सहावीच्या वर्गात काय शिकवलं जातं हा मुद्दा येतच नाही. दाखला मागायला आलेल्या आई-बापांशी मी बसून बोलते. शिकवण्याबद्दल तक्रार असलेले त्यांतले थोडेच. बहुतेकजण ओशाळं हसतात आणि म्हणतात, "मॅडम, तुमचं काही नाही हो, पण पुढे जायचंच आहे ना."

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. तिथे वर्षानुवर्षं एकच मजकूर पडतो: पालकांच्या विनंतीवरून. कुणी कधी त्या रकान्यावरून पट घटण्याची कारणं शोधायला बसलं तर त्याच्या हाती काहीही लागणार नाही.

मग आठवी का जोडत नाही? हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. नियमांत उच्च प्राथमिकसाठी ३ किलोमीटरचं अंतर धरलं आहे, प्राथमिकसाठी १ किलोमीटरचं. तेवढ्या अंतरात दुसरीकडे आठवी असेल तर आपल्याकडे नवी आठवी उघडणं अवघड. दूरच्या वस्तीवरच्या शाळेला या नियमाचा फायदा होतो. तालुक्याच्या गावात हायस्कूल दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून आमची शाळा सातवीलाच अडकते. शिवाय आठवी आमच्याकडे आली की हायस्कूलची तुकडी तुटते, तिथले शिक्षक अतिरिक्त ठरतात, आणि संस्था गप्प बसत नाही. दोन्हीकडच्या लोकांची पोटं त्याच मुलांच्या संख्येवर आहेत.

ते पोटाचं प्रकरण एप्रिल-मे महिन्यांत रस्त्यावर दिसतं. अनुदानित शाळांचे शिक्षक भर उन्हात घरोघर फिरत असतात, आमचेही फिरतात. कुणी दप्तर देऊ म्हणतं, कुणी सायकल, कुणी वर्षभराच्या वह्या. आजूबाजूच्या वाड्यांवर चौथी-पाचवीला संपणाऱ्या शाळा आहेत. तिथली मुलं कोण आणतो यावर एखाद्याची बदली किंवा समायोजन, म्हणजे जादा ठरून दुसऱ्या शाळेत जाणं, अवलंबून असतं. मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो, त्यामुळे वाड्यांवरून गावात येणं आता पूर्वीइतकं कठीण नाही, आणि आलेली मुलगी हायस्कूलच्याच थांब्यावर उतरते. मी त्या शिक्षकांना नावं ठेवणार नाही. पंधरा-वीस वर्षं नोकरी केलेला माणूस मुलं मोजत दारोदार फिरतो, त्याची अवस्था मला कळते. पण ज्या पटासाठी ही धावपळ चालते, त्यालाच कुणी गुणवत्तेचा दाखला मानू लागलं की हसावं की रडावं कळत नाही.

मुलंच कमी जन्माला येतात, हे तर कुणी लक्षातच घेत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला. लोकसंख्या आहे तेवढी राहायला तो साधारण २.१ लागतो. तालुक्याच्या गावात नोकरदार, दुकानदार, अगदी रिक्षावाल्याच्या घरातही आता एक किंवा दोनच मुलं. पूर्वी एका घरातून चार भावंडं एकामागोमाग आमच्या हजेरीपटावर यायची. ती घरं आजही आमच्याकडेच पाठवत असती तरी पट अर्ध्यावर आला असता.

त्यातून 'पूर्वी इथे केवढी मुलं असायची' असं म्हणणारे लोक कुठल्या आकड्यांबद्दल बोलतात तेही तपासायला हवं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली होती. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली होती, एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून. हजेरीपटावरची लाखो नावं प्रत्यक्षात वर्गात सापडली नाहीत. सरकारी, खाजगी, अनुदानित, सगळीकडे हाच घोळ निघाला. आता संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, आधार वैध झालेली मुलंच धरतात, त्यामुळे कागदावरची मुलं जवळजवळ संपली. २०११ च्या आधीचा पट आणि आजचा पट शेजारी ठेवून आलेख काढणाऱ्याला माझा नमस्कार.

पट म्हणजे गुणवत्ता, असं अजूनही कुणाला वाटत असेल तर कोरोनाची वर्षं आठवा. 'असर' या ग्रामीण सर्वेक्षणात सहा ते चौदा वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळांत किती, हे देशपातळीवर मोजतात. २०१८ मध्ये ते प्रमाण ६५.६ टक्के होतं, २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेलं आणि २०२४ मध्ये परत ६६.८ वर आलं. मधल्या काळात काय झालं? शाळा बंद होत्या. आम्ही व्हॉट्सअॅपवर गृहपाठ पाठवत होतो आणि अर्ध्या घरांत फोन बापाबरोबर कामावर गेलेला असायचा. शिकवणं इतकं वाईट माझ्या नोकरीत आधी कधी झालं नव्हतं. आणि नेमक्या त्याच काळात सरकारी शाळांचा पट फुगला, कारण लोकांच्या हातात फी भरायला पैसे नव्हते. कामधंदे सुरळीत झाले, फी परवडायला लागली आणि मुलं परत गेली. आमच्याच वर्गातली काही मुलं तशी आली आणि तशीच गेली. त्या येण्याचं श्रेय मला कुणी दिलं नव्हतं, तर त्या जाण्याचं अपश्रेय तरी मी का घ्यावं?

आता उलट्या दिशेचा बाण कसा चालतो ते सांगते, कारण माझा मुख्य मुद्दा तोच आहे.

ही संचमान्यता दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून होते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी लिहिलं आहे की वर्गाला निदान एक शिक्षक हवा, आणि त्यांत विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषांना एक असायला हवा. ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. मुलं शंभराच्या वर असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. वाचायला फार सुंदर आहे. पण ही शंभराची मर्यादा आणि राज्याचे संचमान्यतेचे निकष तालुक्याच्या गावातल्या घसरत्या पटावर लावले की मुलं शंभरावरून सत्तरवर येताच चित्रकलेचे आणि खेळाचे शिक्षक गेले. मग मुख्याध्यापकाचं पद गेलं. आमच्यातलाच एक पदवीधर शिक्षक प्रभारी झाला आणि त्याचे तास ऑनलाइन माहिती भरण्यात, पोषण आहाराच्या नोंदींत आणि बैठकांत गेले. आणखी थोडी मुलं घटली की तीन विषय शिक्षकांपैकी एक अतिरिक्त. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळांतली पदं त्यामुळे धोक्यात आली, आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या.

समायोजनात कोण जातो? ते सेवाज्येष्ठता ठरवते, वर्गाची गरज नाही. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका शाळेत गणित-विज्ञानाच्या मॅडम गेल्या आणि भाषेचे सर उरले. सर प्रामाणिक आहेत. सातवीला परिमेय संख्या शिकवण्याआधी रात्री ते मला फोन करतात आणि उद्याचा धडा समजावून घेतात. हे किती दिवस चालणार? पुढच्या वर्षी त्या शाळेतली हुशार मुलं पाचवीलाच बाहेर पडली, कारण आता पालकांना सांगता येण्याजोगं खरं कारण मिळालं होतं. गणिताला शिक्षक नाही. म्हणजे पटाने शिक्षक नेला, शिक्षक गेल्याने पट गेला, आणि गावात बोललं काय गेलं, तर 'बघा, सरकारी शाळा'.

हुशार मुलांवरून आठवलं. आमच्या शाळेचं यशही पटातून वजा होतं. नवोदय विद्यालयाची परीक्षा पाचवीत शिकणारी मुलं देतात आणि प्रवेश सहावीत मिळतो. राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत. पाचवीच्या बाईंनी वर्षभर जादा तास घेऊन मुलं लावली, गावात बॅनर लागला, सत्कार झाला, आणि जूनमध्ये सहावीच्या वर्गातली सगळ्यात पुढे असलेली मुलं माझ्या समोरून गेली. मुलांचं कल्याण झालं, याबद्दल दुमत नाही. पण नंतर कुणी सहावीच्या निकालावर बोट ठेवलं, तर ती मुलं याच शाळेतली होती हे त्याच्या लक्षात नसतं.

शिष्यवृत्ती परीक्षेचंही तसंच झालं. पूर्वी ती चौथी आणि सातवीला असायची. जिल्हा परिषदेच्या शाळांची गावात जी काही पत होती, ती बरीचशी या परीक्षेवर उभी होती. गुणवत्ता यादीत आलेल्यांची नावं शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेली असायची. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला नेली. सातवीपर्यंतच्या शाळेच्या हातातून वरची परीक्षा निसटली, चौथीपर्यंतच्या शाळेकडे तर एकही उरली नाही. मुलं आमच्याकडे सात वर्षं शिकणार आणि हायस्कूलमध्ये जाऊन आठ-नऊ महिन्यांत शिष्यवृत्तीला बसणार, फोटो हायस्कूलच्या पत्रकावर. एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षाही आठवीतलीच, निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तेही श्रेय तिकडेच. आता शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी-सातवीकडे आणायचं ठरलं आहे. उशिरा का होईना. भिंत मात्र आता डिजिटल शाळेच्या रंगाने झाकली आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल की बाई सगळा दोष बाहेर ढकलतायत, म्हणजे शाळेत सगळं आलबेल आहे असं म्हणायचंय का? नाही म्हणायचं. गुणवत्तेबद्दल माझ्या मनात जी काळजी आहे ती या प्रश्न विचारणाऱ्यांच्या काळजीपेक्षा बरीच मोठी आहे. फक्त ती पटाच्या आकड्यात दिसत नाही, आणि गुणपत्रकातही दिसत नाही.

गुणपत्रकाचं आधी सांगते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं) यांचा भार निम्मा-निम्मा, सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, वर्गातला सहभाग असं सगळं येतं. कल्पना उत्तम आहे. पण वर्षानुवर्षं कुणालाही मागे ठेवायचं नाही म्हटल्यावर श्रेण्या वर सरकत गेल्या, सगळीकडेच. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून पुन्हा वार्षिक परीक्षा आली. मध्ये सहावी-सातवी मोकळी. म्हणून ब-१ श्रेणी बघून मूल कुठे आहे हे तुम्हाला कळणार नाही, मला वर्गात पाच मिनिटांत कळतं.

सहावीच्या पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर ६१२ भागिले ६ लिहिते. उत्तर १०२. पण वर्गातल्या बऱ्याच वह्यांत १२ येतं. सहाने सहाला भाग गेला, एक लिहिला. पुढचा एक खाली घेतला, तो भागला जात नाही, मग लगेच दोनही खाली घेतला, बारा झाले, भाग गेला दोनदा. मधलं शून्य लिहायचं राहिलं. मी विचारते, सहाशे बारा रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला बाराच रुपये? तेव्हा हसतात, म्हणजे समज आहे. रीत पाठ आहे, पण स्थानिक किंमत कधी हाताला लागलेलीच नाही. आणि त्याच वर्षी पुस्तकात पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश अपूर्णांक, मसावि-लसावि, गुणोत्तर, शेकडेवारी आणि सरळव्याज आहे. यांतल्या बहुतेक प्रकरणांत भागाकार येतो असं गृहीतच धरलं आहे. कायद्याप्रमाणे वर्षाचे २२० दिवस आणि १००० तास. त्यात मी पुस्तक संपवू की भागाकार? दोन्ही करते म्हणणारा शिक्षक एकतर फार थोर असतो, नाहीतर खोटं बोलतो.

हा प्रश्न आमच्या शाळेपुरता नाही. 'असर' २०२४ मध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी ७१.१ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणारं उदाहरण फक्त ४५.८ टक्क्यांना जमलं. यात सरकारी आणि खाजगी दोन्ही शाळांची मुलं आहेत. गंमत अशी की 'असर' फक्त खेड्यांत जातं. नगरपरिषद किंवा नगरपंचायत असलेलं गाव शहरात धरलं की ते त्यातून सुटतं. मोठ्या शहरांबद्दल महापालिका, वर्तमानपत्रं, स्वयंसेवी संस्था बोलत असतात. तालुक्याचं गाव दोन्हीच्या मध्ये पडतं, आणि तिथल्या सहावी-सातवीबद्दल सगळे अंदाजानेच बोलतात.

मग टक्केवारीचा खेळ. वर्गात बारा मुलं असतील तर एका मुलाने निकाल आठ टक्क्यांनी हलतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची दोन मुलं चाचणीच्या आधी परत आली, तर शाळा 'घसरली'. पुढच्या वर्षी ती दोघं नसली, तर शाळा 'सुधारली'. अशा शाळांची क्रमवारी लावून बैठकीत वाचून दाखवतात तेव्हा मी वहीत फुलं काढत बसते.

आणि कोण उरतं यावरही निकाल ठरतो. एका घरात मुलगा आणि मुलगी असेल तर मुलगा इंग्रजी माध्यमाला आणि मुलगी आमच्याकडे, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता विचारतही नाही. २०१२ च्या कायद्यानंतर स्वयंअर्थसहाय्यित शाळा तालुक्याच्या गावांतही उघडल्या आणि ज्याला फी झेपते तो तिकडे वळला. आमच्या वर्गात राहिल्या बऱ्याचशा मुली, वीटभट्टीवरची मुलं, बाहेरून कामाला आलेल्या कुटुंबांतली मुलं, ज्यांची घरात भाषाच वेगळी. या वर्गाची तुलना दोन गल्ल्या पलीकडच्या वर्गाशी करायची असेल तर मुलं आली तेव्हा कुठे होती आणि गेली तेव्हा कुठे पोचली, हे मोजावं लागेल. ते कुणी मोजत नाही. माझ्याकडे जूनमधला ६१२ भागिले ६ चा कागद असतो आणि मार्चमधला असतो, तेवढंच.

सेमी इंग्रजीचं, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचं, एक बोलायलाच हवं, कारण दाखला नेणाऱ्यांच्या तोंडी येणारं दुसरं कारण ते. "सेमी आहे का?" असं विचारतात. "विज्ञान कोण शिकवतं?" असं विचारणारा पालक वर्षाकाठी एखादा भेटतो. आम्हीही पट टिकवायला सेमी सुरू केलं, माझ्या मते फारशी तयारी न करता. प्रकाशाचं परावर्तन मराठीत समजलेल्या मुलाला 'रिफ्लेक्शन' शब्द दोन दिवसांत येतो. न समजलेल्याला तो आयुष्यभर पाठ राहतो आणि आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. पण बोर्डावर 'सेमी इंग्रजी' लिहिल्यावर त्या वर्षी चार दाखले कमी गेले, हेही खरं. पट आणि गुणवत्ता यांतलं अंतर याहून स्पष्ट कसं दाखवू?

तर मग पालकांनी काय बघावं? मला थेट विचारणारे असतात, "मॅडम, खरं सांगा, ठेवू का काढू?" मी त्यांना सांगते, पट विचारू नका. सहावी-सातवीला गणित-विज्ञानाचा स्वतंत्र शिक्षक आहे का, आणि तो पुढच्या जूनमध्ये असणार आहे का, हे विचारा. जिथे न्यायचंय तिथल्या सहावीतल्या साध्या, मधल्या मुलाची गणिताची वही मागून बघा. पहिल्या नंबरच्या मुलीची वही सगळीकडे सुंदरच असते. वहीत चुका आहेत का आणि त्या चुकांवर कुणी काही लिहिलंय का ते बघा. सगळी उत्तरं बरोबर आणि सगळ्या पानांवर एकसारखी टिकमार्क असेल तर ती फळ्यावरून उतरवलेली वही आहे, शाळा कुठलीही असो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांतल्या एखाद्याला घरी गाठून विचारा. आणि नोकरदार, मजूर, कुणीही असाल, मूल त्या शाळेत कसं जाणार-येणार ते आधी बघा. अकरा वर्षांच्या मुलाचे रोज दोन तास व्हॅनमध्ये गेले तर संध्याकाळी ते वही उघडणार नाही.

आमच्या शाळेत या घडीला गणिताला मी आहे, भाषेला शिक्षिका आहेत, सामाजिक शास्त्रांचं पद रिकामं आहे. हे मी आलेल्या प्रत्येकाला सांगते. ठेवायचं असेल तर ठेवा. न्यायचं असेल तर दाखला मागाल त्या दिवशी मिळेल. तो अडवून ठेवायचा नाही असं कायद्यातच आहे, आणि तसं नसतं तरी पटासाठी मुलाला धरून ठेवणं मला पटत नाही. वर्षाच्या मध्यात मात्र नेऊ नका. अपूर्णांक अर्धे इथे आणि अर्धे तिथे, अशा मुलांना मी आठवीत भेटले आहे.

एवढं सगळं बोलून झालं की शेवटी एक प्रश्न उरतोच, आणि तो विचारताना समोरच्याच्या चेहऱ्यावर 'आता सापडल्या' असा भाव असतो. "तुमची स्वतःची मुलगी कुठे आहे, मॅडम?" माझी मुलगी पहिली ते सातवी आमच्याच शाळेत होती, सहावी-सातवीचं गणित तर माझ्याचकडे. आता ती हायस्कूलला आठवीत आहे, कारण आमच्याकडे आठवी नाही.